नालुगूला नमस्कार

माझं काम तराजू तपासण्याचं. दुकानातले, कारखान्यातले, दवाखान्यातले काटे खरं वजन दाखवतात की नाही, हे प्रमाणित वजनं ठेवून बघायचं आणि चूक निघाली तर दुरुस्त करायची. सत्तावीस वर्षं हेच केल्यामुळे मोजायची सवय अंगात मुरली आहे. जिना चढताना मी पायऱ्या मोजतो. बायको म्हणते, तुम्ही जेवताना घाससुद्धा मोजता. ते खरं नाही. पोळ्या मोजतो.

मलकपेठच्या बाजारात ती पडली तेव्हाही, तिला उठवून रिक्षात बसवल्यावर, मी मागे वळून दुकानाच्या पायऱ्या मोजल्या. दोन होत्या. दोन पायऱ्यांवरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. हाड नीट जुळलं, पण त्यानंतर ती माझ्या शर्टाची बाही धरून चालायला लागली. आधी रस्ता ओलांडताना, मग जिन्यात, मग सपाट फुटपाथवरही. एकटीनं बाहेर जाणं तिनं हळूहळू बंदच केलं. आबिड्सच्या पोस्टात तिचं खातं आहे, तिथेही ती मला सुट्टी असेल तेव्हाच माझ्याबरोबर यायची. माझ्या सगळ्या शर्टांची डावी बाही चुरगळलेली असायची. तिचं वय तेव्हा सत्तेचाळीस होतं.

मग आम्ही काचीगुड्याच्या एका फंक्शन हॉलमध्ये कुणाच्या तरी साखरपुड्याला गेलो. हात धुवायला ती स्टेजच्या मागे गेली, तिथे निळ्या जाड मॅटच्या चळती रचलेल्या होत्या आणि त्यांच्यावर एक गृहस्थ चहा पीत बसले होते. हॉलला लग्न नसेल त्या संध्याकाळी तिथे ज्युदोचा वर्ग चालतो आणि हे तिथले सर, असं कळलं. माणूस तेलुगू, पण आमच्या शहरात सगळे सगळ्यांशी बोलतात ती हिंदी बोलणारा.

"पैले क्या सिखाते?" हिनं विचारलं.

"गिरना. तीन महिने खाली गिरना."

खाली म्हणजे इथल्या हिंदीत नुसतं. गिरना या एका शब्दावर तिनं नाव घातलं. स्वसंरक्षण, गुंड, काळोख्या गल्ल्या यांतलं काहीही तिच्या डोक्यात नव्हतं. तिला पडायची भीती बसली होती आणि कुणीतरी पडायला शिकवतो म्हणत होतं. घरी येताना रिक्षात मला म्हणाली, "पंधरा जण आहेत. नऊ पुरुष, माझ्यासकट सहा बायका. तुम्ही विचारायच्या आधी सांगते."

मला बरं वाटलं नाही, हे लिहून टाकतो. पडण्याचं काही नव्हतं. पण पहिल्याच दिवशी मी बघितलं की दर तीन मिनिटांनी जोडीदार बदलतो आणि समोर जो येईल त्याची कॉलर एका हातानं आणि बाही दुसऱ्या हातानं धरायची असते. आमच्या घराण्यात सून दिराशीही पदर सावरून बोलायची, आणि ही दूध-भाजीवाल्याइतक्या ओळखीच्या माणसाची गचांडी धरून उभी. चार दिवस मला ते खुपलं. पाचव्या दिवशी सरांनी सगळ्यांची वजनं घेतली. वर्गातल्या दोन मुली कुरकुरत होत्या की बायकांची ओळ वेगळी करा. सर म्हणाले, "मॅट पे आदमी-औरत नईं रहते अम्मा, किलो रहते."

हे मला पटलं. शिवाय त्यांचा काटा सातशे ग्रॅम कमी दाखवत होता. मी तो तिथेच दुरुस्त करून दिला, तेव्हापासून मला वर्गात मान मिळाला आणि कामही मिळालं. स्टेजवर नवरा-नवरीसाठी लाल मखमलीच्या दोन सिंहासनासारख्या खुर्च्या कायमच्या असतात. त्यांतल्या नवऱ्याच्या खुर्चीत बसून, कोण किती वेळा पडलं आणि कुणाचा डाव कितीदा लागला, याच्या खुणा वहीत करायच्या. माझ्या शर्टाच्या खिशात रुमालात बांधलेलं बायकोचं मंगळसूत्र, बांगड्या आणि जोडवी असायची, कारण मॅटवर धातू चालत नाही. जोडवी पहिल्या दिवशी साबण लावून अर्ध्या तासानं निघाली होती.

पडण्यात ती वर्गात पहिली आली. मागे पडणं, डावीकडे, उजवीकडे, पुढे लोळून पडणं, असे चार प्रकार. पाठ टेकताना हातानं मॅटवर जोरात चापट मारायची, म्हणजे हादरा हातात निघून जातो आणि हाडं वाचतात. दुसऱ्या महिन्यात एका दिवशी ती एकशे बारा वेळा पडली. त्याच आठवड्यात एकटी बसनं आबिड्सला जाऊन आली. मला ऑफिसात फोन करून एवढंच सांगितलं, "पोस्टातून बोलतेय." मी हातातलं दहा किलोचं वजन खाली ठेवून बसलो.

अडचण चौथ्या महिन्यात आली, पाय झाडायचा डाव सुरू झाला तेव्हा. समोरचा माणूस पाऊल पुढे टाकतो. ते पाऊल जमिनीला टेकणार, एवढ्यात आपल्या तळपायानं ते झाडूसारखं बाजूला न्यायचं आणि त्याच वेळी त्याला बाहीनं खाली ओढायचं. जोर फार लागत नाही, वेळ साधावी लागते. सर तेलुगूत मोजायचे. ओकटी म्हणजे एक, त्यानं पाऊल टाकलं. रेंडू म्हणजे दोन, पाय झाडला. मूडू म्हणजे तीन, ओढून पाडला.

हिच्या पायाची वेळ उत्तम होती. पण पाय समोरच्याच्या पायाला लागला रे लागला की हिचा उजवा हात कॉलर सोडून त्याच्या खांद्याला शिवायचा आणि तिथून स्वतःच्या कपाळाला जायचा. कुणाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे आपल्याकडे मूल चालायला लागायच्या आधी शिकतं. मुद्दाम करावा लागत नाही, होऊन जातो. तेवढ्यात कॉलर सुटलेला माणूस सावरून उभा.

त्यात तिचा नेहमीचा जोडीदार पुण्याहून कंपनीत नोकरीला आलेला एक तरुण. वजन अठ्ठ्याहत्तर किलो, वय सव्वीस, आणि संस्कार तेच. त्याचा पाय हिला लागला की तो थांबून "सॉरी काकू" म्हणत वाकायचा. ही म्हणायची, "असू दे रे." मग हिचा पाय त्याला लागायचा. एका तासात त्या जोडीनं एकमेकांना एक्केचाळीस नमस्कार केले आणि एकही डाव लागला नाही. माझ्या वहीत आहे.

सर कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अम्मा, ये क्या पूजा चल रई? शुरू में झुक के नमस्ते कर लिये ना? हो गया. अब बीच में कायकू?"

घरी तिनं मला उत्तर दिलं, सरांना दिलं नाही. "सुरुवातीला वाकते तो भेटल्याचा नमस्कार. हा पाय लागल्याचा. लागायच्या आधी कसा करायचा?"

मला यात तर्काची चूक सापडली नाही.

पिवळ्या पट्ट्याची पहिली परीक्षा झाली. पडण्याचे चारही प्रकार, जमिनीवर दाबून धरणं, सगळ्यात ती पास झाली. शेवटी चालत्या जोडीदारावर पाय झाडायच्या पाच संधी होत्या, त्यांत एकदा पाडलं की पुरे. पाच नमस्कार झाले. बाहेरून आलेले परीक्षक सभ्य होते, तेही उलट नमस्कार करून म्हणाले, दोन महिन्यांनी या.

मग आम्ही घरी सराव सुरू केला. हॉलमधला टीपॉय बाल्कनीत, खाली दोन गाद्या, जोडीदार मी. पहिल्या दिवशी तिला माझ्यावर पाय उचलायलाच दहा मिनिटं लागली. नवऱ्याला पाय मारायचा म्हणजे तिच्या लेखी पुण्याच्या मुलाच्या कितीतरी वरचं प्रकरण. तिचा उतरलेला चेहरा बघून मी ठरवलं, हिला जरा हुरूप येऊ दे. तिचा पाय लागला की मी पडायचो. पाय धड लागला नाही तरी पडायचो. तिचा हात नमस्काराला निघायच्या आत मी खाली असायचो. आठवड्यात बत्तीस वेळा पडलो. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, "भाभी, कुछ गिरा क्या?"

"हौ," ही म्हणाली, "ये गिरे."

तेहतिसाव्या वेळी मी गादीवर पडलो आणि ती वर तशीच उभी राहिली.

"तुम्ही आपणहून पडताय."

"छे."

"तुमची चापट वेळेवर येते. खरंच कुणी पडलं की पाठ आधी टेकते, चापट मागून येते. तुमचा हात आधीच तयार असतो. तुम्हाला ठाऊक असतं आपण पडणार."

मी गादीवर उठून बसलो.

"दुकानदाराला दोन ग्रॅम सोडत नाही तुम्ही. आणि घरात मला खोटा काटा लावता?"

सत्तावीस वर्षांत कुठल्याही दुकानदारानं मला असं खाली बघायला लावलेलं नाही. मी उठलो आणि म्हटलं, चल, आता खरं. मी पाऊल टाकलं, तिनं पाय झाडला, बरोबर वेळेवर, आणि तिचा हात माझ्या खांद्याला शिवून कपाळाला गेला. मी उभाच.

"बघा," ती म्हणाली. "आला." आणि गादीवर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "या खेपेला नाही जमलं तर सोडून देते. पंधरा जणांचा खोळंबा माझ्या एका हातापायी."

तिनं ते शांतपणे म्हटलं, म्हणून मला जास्त भीती वाटली. पट्ट्याचं मला काही नव्हतं. पण वर्ग सुटला की पोस्ट सुटेल, मग बाजार सुटेल, आणि ती परत माझी बाही धरेल, हे मला अगदी सरळ दिसत होतं.

"हात बांधून ठेवला तर?" मी म्हटलं.

"आणि तुमचा?" ती एकदम म्हणाली. "तुमचा पाय मला लागतो तेव्हा तुमचा हात कुठं असतो?"

"मोजलं नाही कधी."

"मी मोजलंय. चोवीस वर्षांत एकदाही उठला नाही."

मी वही घेऊन बसलो. आकडे निदान उलट बोलत नाहीत.

वहीत मी कारण नसताना एक जास्तीचा रकाना ठेवला होता: हात कितव्या अंकाला सुटला. वर्गातल्या तिच्या शेचाळीस नमस्कारांपैकी त्रेचाळीस वेळा रेंडूला. म्हणजे पाय लागतो त्याच क्षणी. आणि कॉलर, बाही दोन्ही धरून ओढायचं असतं मूडूला. सगळी गोष्ट एका अंकाची होती. नमस्कार थांबवायची गरजच नव्हती. तो फक्त लवकर येत होता.

"नमस्कार सोडू नकोस," मी तिला सांगितलं. "नालुगूला कर."

"चौथा अंक सर म्हणतच नाहीत."

"म्हणून तर ती जागा रिकामी आहे."

"उशिरा केलेला चालतो का पण?"

ते मला माहीत नव्हतं. याचं प्रमाण कुठल्या खात्याकडे ठेवलेलं नाही. उत्तर तिनंच शोधलं. "बाजारातून येताना," ती म्हणाली, "दोन्ही हातात पिशव्या असतात. जिन्यात कुणाला पाय लागला तर आधी पिशव्या खाली ठेवते आणि मग नमस्कार करते. कुणी कधी रागावलं नाही."

"मग त्या मुलाला पिशवी समज."

"अठ्ठ्याहत्तर किलोची?"

"आधी खाली ठेव. मग कर."

ती हसली. प्लास्टर निघाल्यापासून इतकी हसलेली मी बघितली नव्हती. पुढचे पाच आठवडे घरात सराव झाला तो रिकाम्या हवेशी, दाराला अडकवलेल्या माझ्या जुन्या कोटाशी आणि माझ्याशी. मी प्रामाणिकपणे उभा राहत होतो, त्यामुळे एकदाही पडलो नाही. हात कधी रेंडूला यायचा, कधी मूडूला. कधीकधी नालुगूला यायचा, पण तेव्हा पाय चुकलेला असायचा.

परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये दुसऱ्या दिवशीच्या लग्नाची तयारी चालू होती. स्टेजवर झेंडूच्या माळा बांधत होते, म्हणून नवऱ्याच्या खुर्चीतून मला उठवलं आणि मी मॅटच्या कडेला पायरीवर बसलो. पुण्याचा मुलगा माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "काका, काकूंसाठी मी पडू का? कुणाला कळणार नाही."

मी ताबडतोब नाही म्हणालो असं लिहायला मला आवडलं असतं. मी मॅटपलीकडे बघितलं. ती पट्टा सोडून पुन्हा बांधत होती. तिचं वजन एकसष्ट किलो, त्याचं अठ्ठ्याहत्तर, घरचा हिशेब शून्य. एक शब्द बोललो असतो तर ती पास झाली असती आणि मी शांत झोपलो असतो. पण तिला चापट ऐकू येते.

"नको," मी म्हटलं. "अजिबात नको. उभा राहा."

"नक्की काका?"

"पूर्ण अठ्ठ्याहत्तर किलोनं."

पहिल्या संधीला हात रेंडूला आला. तिनं तो कपाळापर्यंत नेला आणि स्वतःच मान हलवली. दुसरीला हात जागेवर राहिला, पण सगळं लक्ष हातात गेल्यामुळे पाय उशिरा पोचला. ती थांबली. परीक्षक वाट बघत होते. सर नेहमी मोजतात, पण परीक्षेत मोजायचं नसतं, ते तोंडावर हात ठेवून उभे होते. मी मोजत होतो, मनात, तेलुगूत.

तिसऱ्या वेळी तो पाऊल टाकत पुढे आला आणि मला एवढंच दिसलं की त्याचं पाऊल जिथं टेकायला हवं होतं तिथं नव्हतं. तो आडवा झाला. पाठ टेकली, मग क्षणभर काही नाही, मग चापट. उशिरा आलेली, चांगली उशिरा आलेली. मुलं जत्रेतल्या पाळण्यात पहिल्यांदा बसल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर असतो तसा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता.

ती त्याची बाही धरून उभी होती. मग तिनं बाही सोडली, वाकून त्याच्या खांद्याला हात लावला आणि कपाळाला नेला. नालुगू. आणि त्यानं, आडवं पडल्या पडल्या, हात लांब करून तिच्या पावलाला शिवून तो छातीला लावला.

"बस अम्मा, हो गया," परीक्षक म्हणाले. उरलेल्या दोन संधी तशाच राहिल्या.

सरांनी पिवळा पट्टा तिच्या हातात देताना विचारलं, "वो नमस्ते तो रह गया?"

"रहता," ती म्हणाली. "खाली देर से आता."

मी रुमाल उघडून तिचे दागिने तिला परत दिले. जोडवी आता साबणाशिवाय जातात. आम्ही हॉलमधून निघालो तेव्हा ऊन होतं अजून. स्टेशनच्या रस्त्याला बस, स्कूटर, रिक्षा एकात एक अडकलेल्या. ती माझ्या पुढे चार पावलं होती आणि तिनं मागे न बघता रस्ता ओलांडला. मी अलीकडेच राहिलो. मला दोन मिनिटं लागली.

घरी आल्यावर तिनं चहासुद्धा टाकला नाही. टीपॉय बाल्कनीत ठेवला, गाद्या काढल्या. "उभे राहा," म्हणाली. "खरे."

मी खरा उभा राहिलो. वजन एकाहत्तर किलो, परवाच बघितलेलं, दोन्ही पायांवर सारखं. पाऊल टाकलं. पुढचं मला क्रमानं सांगता येणार नाही. छत दिसलं, आणि माझा हात गादीवर पडला तो पाठ टेकून गेल्यावर, सगळं संपल्यावर. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडल्याचा आवाज आला.

"नालुगू," ती वरून म्हणाली, आणि तिचा हात माझ्या खांद्याला लागून कपाळाला गेला.

पडताना माझा पाय तिच्या घोट्याला लागला होता. मी हात लांब केला, तिच्या पावलाला शिवलो आणि तो कपाळाला लावला.

ती बघतच राहिली. "हे काय?"

"पाय लागला," मी म्हटलं.

वहीत त्या दिवशी एवढंच आहे: ती, एक. मी, एक.